मदर व्हर्लीनची हरकत

फोन वाजला तेव्हा एझेल टर्नेज तव्यावरचं अंडं उलटत होता. बायको रूबी वारल्यापासून आणि मेम्फिसच्या पोलिसातली नोकरी सुटल्यापासून त्याच्याकडे सकाळचा फोन आला, की कुणीतरी मेलेलं असायचं नाहीतर कुणाची तरी गाडी चोरीला गेलेली असायची. नुसतं "कसा आहेस बाबा?" विचारायला कुणी फोन करत नसे.

"ब्रदर एझेल, आहात तसे निघा," पलीकडून होझिया बॅटल म्हणाला. होझिया म्हणजे क्लेटन्स बेंड गावाचा अंत्यविधीवाला. आजोबांपासून गावाची मढी त्यांच्याच घराने सजवलेली. "मदर व्हर्लीनच्या पेटीत भलतंच काहीतरी सापडलंय."

"मदर व्हर्लीन आहे ना पेटीत? मग झालं तर."

"थट्टा कसली सुचतेय तुम्हाला! तिच्या हाताखाली फुटलेली तबकडी निघाली. ओरीथाच्या गाण्याची. आणि निघाली ती ओरीथाच्याच हाती. बाई गाडीत जाऊन बसलीय. दफनाला थांबत नाही म्हणते."

एझेलने अंडं तव्यावरच सोडलं आणि टोपी उचलली.

ओरीथा मॅबरी कोण, हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. माउंट नीबो चर्चच्या गायकवृंदात वाढलेली पोर. तरुणपणीच मेम्फिसला पळाली आणि सोल, म्हणजे चर्चच्या चालींवरची प्रेमगाणी, गायला लागली. नाव काढलं ते आईच्या गाण्यावर. तिची आई व्हर्लीन चर्चमध्ये गायची, "खिडकीत दिवा ठेव, प्रभू, मी येतेच आहे." पोरीने चाल तीच ठेवली, ठेका वाढवला आणि एकच शब्द बदलला. प्रभूच्या जागी सख्या. झालं! शनिवारी गाव त्यावर नाचायचं आणि रविवारी त्याच तोंडाने शिव्या घालायचं. आई तर चर्चची 'मदर', म्हणजे सगळ्यांत मानाची म्हातारी, पांढरी वस्त्रं नेसून पहिल्या बाकावर बसणारी. तिने पोरीचं नाव टाकलं, असं लोक म्हणत. मायलेकी त्यानंतर भेटल्या नाहीत.

मॅबरींच्या दारात लांब निळी गाडी घरघरत उभी होती. काळा चष्मा लावलेली बाई मागे एकटीच बसली होती. एझेल आधी घरात गेला.

दार मोठ्या बहिणीने, आयडेलाने उघडलं. आयडेला चर्चची मुख्य अशर. दारात उभं राहून आल्यागेल्याला जागेवर नेणाऱ्या या बायकांचा गावात मोठा दरारा. आजही ती तशीच ताठ उभी होती, अशरचा पांढरा पोशाख, उजवा हात पाठीमागे. डाव्या हाताने तिने जाळीचं दार ढकललं.

"या, ब्रदर एझेल. पोलिसाची काय गरज होती? आई गेलीय, दरोडा नाही पडला."

"होझियाने बोलावलं म्हणून आलो, आयडेला. रूबी असती तर तीही आली असती."

"रूबी चांगली अशर होती," आयडेला म्हणाली आणि आत गेली.

बाहेरच्या खोलीत पेटी उघडी होती. मदर व्हर्लीन पांढऱ्या सॅटिनवर पांढऱ्या पोशाखात पडली होती. डोक्यावर मोजून चार केस, तेही कुणीतरी मायेने चापून बसवलेले. होझियाने रुमालात गुंडाळलेली वस्तू पुढे केली.

रुमाल इस्त्रीचा, कोपऱ्यात मदरचं नाव भरतकाम केलेलं. आत छोटी तबकडी, दोन तुकडे झालेली. त्या काळी असल्या तबकड्या ठिसूळच यायच्या. एझेलने तुकडे खिडकीशी धरले. काळा रंग उडून तबकडी राखाडी पडली होती. मधल्या कागदावरची अक्षरं बोटं लागून पुसली होती. बारीक कपच्या सगळ्या रुमालाच्या आतच होत्या, पेटीत एकही नाही.

आणि रुमालावर एक तांबूस ठिपका होता.

"हे काय रे, होझिया?"

"रक्त," होझिया कुजबुजला. "आणि माझ्या पेटीतली माणसं रक्त सांडत नाहीत, ब्रदर एझेल. ताजं आहे, आजचंच."

"काल पेटी घरी आणल्यापासून तिच्या हाताशी कोण गेलं?"

"माझ्याकडून निघताना केस पार्लरवाल्या कोरीनने केले. पेटी बंद करताना मी हाताखाली बघितलं नाही, माझी चूक. रात्री जागरणाला गाव लोटलं होतं, पण पेटीला हात कुणी लावला नाही. आज सकाळी डीकन रूफस प्रार्थना करून गेला. आयडेलाने आईला हातमोजे घातले. मग ओरीथा आली, आईचा हात हातात घेऊ म्हणाली, आणि..."

"तिघांपैकी एक, म्हणजे."

"कोण का असेना, एकला दफन आहे, त्याच्या आत शोधा. ती बाई आईला न पोचवता गेली तर जन्मभर जळेल हो."

एझेल बाहेर जाऊन गाडीत ओरीथाशेजारी बसला. तिने चष्मा काढला नाही.

"मिस्टर टर्नेज, समजूत घालायला आला असाल तर उगाच दमू नका. निरोप पोचला मला. मेल्यावरसुद्धा माझं गाणं मोडून ठेवलं तिने."

"तिने ठेवलं, हे कुणी सांगितलं?"

"आयडेलाने. आईची शेवटची इच्छा होती म्हणे."

"तुम्ही आईला फोन करायचात का कधी?"

"आईच्या वाढदिवसाला आणि नाताळला. एकदाही चुकवला नाही. कुठल्या कुठल्या हॉटेलांतून केलाय! खाली हजार माणसं माझ्या नावाने ओरडतायत आणि मी वर टॉवेल गुंडाळून फोन कानाला लावून बसलेय." ती कोरडं हसली. "आयडेला उचलायची. म्हणायची, थांब, विचारते. मग परत येऊन सांगायची, आईची हरकत आहे. प्रत्येक वेळी तेच. आईची हरकत आहे."

"आईचा आवाज ऐकलात कधी?"

"मागे कुठेतरी गुणगुणताना. भांडी वाजत असायची. तेवढ्यासाठीच फोन करायचे मी. खोटं कशाला बोलू!"

एझेलने विचारलं, "ते दिव्याचं गाणं. गावात म्हणतात, तुम्ही फक्त शब्द बदललात."

"शब्द बदलला. आणि एक जागा घेतली. ठरवून नाही, चुकून आली. 'मी येतेच आहे' म्हणताना आई आठवली आणि 'येतेच' वर गळा तुटला. वर गेला आणि तिथेच सुटला." तिने ते हलकेच म्हणून दाखवलं. आवाज चढला, अडखळला, पायरी चुकल्यासारखा खाली आला. "वाजवणारे म्हणाले, राहू दे, हीच हरकत लोक लक्षात ठेवतील. आईकडे असं काही नव्हतं. ती सरळ गायची."

"एक वाजेपर्यंत थांबा," एझेल म्हणाला. "मग मीच तुम्हाला गावाच्या हद्दीपर्यंत सोडायला येतो."

तिने ड्रायव्हरला खूण केली आणि त्याने गाडी बंद केली.

स्वयंपाकघरात शेजारणींनी आणलेली तळलेली कोंबडी, पालेभाज्या, केक, सगळ्याची रास लागली होती. माणूस गेलं की त्या गावात चूल पेटू देत नाहीत. आयडेला एकटीच उभी होती. तिने डाव्या हाताने कॉफी ओतली, ती बशीत सांडली.

"तबकडी कुणी ठेवली, आयडेला?"

"आईने मरायच्या आधी सांगितलं होतं, ते सैतानाचं गाणं मोडून माझ्याबरोबर पुरा."

"मग तू ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू? ज्याला सांगितलं त्याने ठेवली असेल."

"तबकडी या घरातली?"

"या घरात?" ती उसळली. "या घरात तिचं एक गाणं आलं नाही की आईच्या कानावर एक सूर पडला नाही. आईने शपथ घातली होती मला."

"आणि फोन?"

"आई म्हणायची, ती मला मेली. मी काय करणार? मधल्यामध्ये माझंच मरण. आईचं औषध मी, आईचं न्हाणं मी, रात्री उठून पाणी मी. आणि गाडीतून येणार कोण, तर ती! लोक बघणार कुणाकडे, तर तिच्याकडे!"

चुकीचं काही बोलली नव्हती बिचारी. एझेलने थंड कॉफी पिऊन टाकली.

चर्चच्या पायऱ्यांवर अशर मुली रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांचा डावा हात पाठीमागे, मूठ कमरेला टेकलेली, उजवा मोकळा. डावा देवाचा, उजवा लोकांचा, असं रूबी म्हणायची. सगळ्यांत धाकटीने हात बदलला तशी शेजारणीने तिला कोपर मारलं. "डावा मागे गं! सिस्टर आयडेलाने बघितलं तर सोलून काढेल."

डीकन रूफस टॅन्सिल आत फुलं मांडत होता. चर्चचा हा पुढारी सोलवाल्यांचा हाडवैरी. एका उन्हाळ्यात याच पायऱ्यांवर त्याने गावातल्या तबकड्या गोळा करून हातोड्याने फोडल्या होत्या.

"माझ्यावर संशय?" त्याचा आवाज घुमला. "मी फोडली असती तर सांगून फोडली असती!"

"ते खरंच. हात दाखवा, डीकन."

डीकनने दोन्ही तळवे उपडे-सुलटे केले. जाडजूड, कोरडे, ओरखडासुद्धा नाही.

"ओरीथाने आज गायला तुमची ना आहे म्हणे?"

"असणारच. देवाचं गाणं बाजारात नेलं तिने. मदर व्हर्लीनने ते गाणं चाळीस वर्षं कसं स्वच्छ गायलं! म्हणजे, शेवटी शेवटी म्हातारीला काय सुचलं कुणास ठाऊक, 'येतेच' वर गळ्याला हिसका द्यायला लागली. चढवायची आणि मध्येच सोडून द्यायची. मी म्हटलं, मदर, सरळ म्हणा ना. तर भर चर्चमध्ये मला म्हणते, डीकन, माझ्या गळ्यावर तुमची हरकत आहे का?"

एझेल दाराकडे निघाला होता तो थांबला.

"हे कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील. का हो?"

कोरीनचं पार्लर चर्चच्या मागच्याच रस्त्यावर होतं. एझेलला बघून तिने गरम फणी खाली ठेवली. तिच्या तर्जनीला पट्टी होती.

"बोटाला काय झालं, कोरीन?"

"भाजलं. मदरचे केस करताना डोळ्यांत पाणी आलं, फणी लागली." तिने पट्टी सोडून दाखवली. फोड आला होता. कापलेलं कुठे नव्हतं.

"मदरच्या डोक्यावर चार केस. तेवढ्यासाठी ती तुझ्याकडे येत होती?"

"दर शुक्रवारी," कोरीन म्हणाली आणि ओठ चावला.

"चार केसांना दर शुक्रवारी पार्लर लागतं? माझी बायको भरघोस केसांची होती, ती महिन्यातून एकदा यायची."

कोरीनने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे टेबलावर तबकड्या वाजवायचं यंत्र होतं.

"तिला वचन दिलं होतं मी, ब्रदर एझेल."

"ती आता तुझं वचन घेऊन काय करणार? आणि तिची पोरगी बाहेर गाडीत बसून मरतेय."

मग कोरीन बांध फुटल्यासारखी बोलली. "ती गिऱ्हाइकांच्या आधी यायची. म्हणायची, लाव गं. मी लावायचे. पुन्हा लाव. मान खाली घालून ऐकायची. तबकडी तिचीच, माझ्याकडे ठेवलेली. मरायच्या आधी म्हणाली, ही माझ्या हाताखाली ठेव, आयडेलाला कळू देऊ नकोस. मी तिच्याच रुमालात गुंडाळून ठेवली. अख्खी ठेवली हो, देवाशपथ!"

"तिने ओरीथाला फोन का नाही केला?"

"मानी बाई! म्हणायची, पोरगी मोठी झाली, आईला एक फोन करायला तिला वेळ नाही. आयडेला तर सांगते, एकदाही आला नाही. म्हणजे मला विसरलीच, म्हणायची. मीही मनातल्या मनात ओरीथाला शिव्या घालत होते."

एझेलने डोळे मिटले. त्याच्या डोक्यात आता काही शोधायचं राहिलं नव्हतं. फक्त कुणाला तरी ते सांगायचं होतं, आणि ते त्याला नको होतं.

पेटी बंद करायच्या आधी बाहेरच्या खोलीत तो, होझिया, कोरीन, डीकन आणि दोघी बहिणी उभ्या होत्या. ओरीथाला त्याने हात धरून आणलं होतं.

"तबकडी ठेवली एकाने आणि फोडली दुसऱ्याने," एझेल म्हणाला. "अपमान करायचा असता तर इस्त्रीच्या रुमालात कोण गुंडाळतं? ठेवली कोरीनने, मदरच्या सांगण्यावरून, अख्खी. ओरीथा, तुझ्या आईने ती वाजवून वाजवून राखाडी केली होती. कोरीनच्या पार्लरमध्ये, दर शुक्रवारी."

"खोटं आहे," आयडेला म्हणाली. "आईने एक सूरही ऐकला नव्हता."

"मग 'येतेच' वर तिचा गळा कसा तुटायला लागला? सांगा डीकन, हिला."

डीकनने गळा साफ केला आणि त्या जाड्याभरड्या आवाजात ती ओळ म्हटली, चढवली आणि सोडली. एरवी शिकवूनही जमलं नसतं, ते त्याला बरोबर जमलं. ओरीथाने चष्मा काढला. तिचे डोळे सुजलेले होते.

"ती माझी जागा आहे," ती म्हणाली. "ती जगात दुसऱ्या कुणाची नाही."

"तुला फोनवर सांगायचे ना, आईची हरकत आहे? होती, पोरी. पण ती तिच्या गळ्यातली हरकत होती, आणि ती हरकत तुझी होती. भर चर्चमध्ये, प्रभूचं नाव घेऊन, ती तुझी हरकत गायची. इतकं ऐकल्याशिवाय आणि जीव लावल्याशिवाय ती येत नाही."

एझेलने तो रुमाल उलगडून सगळ्यांसमोर धरला.

"आता फोडली कुणी? कपच्या रुमालाच्या आत होत्या, म्हणजे गुंडाळलेली असतानाच दाबून मोडली. जागरणाच्या गर्दीत नव्हे, कारण रक्त आजचं आहे. आज पेटीशी डीकन आले, पण या माणसाला प्रेक्षकांशिवाय साधं शिंकतासुद्धा येत नाही. त्यांचे हात कोरे आहेत. कोरीनचं बोट भाजलंय, कापलेलं नाही. राहिली मोजे घालणारी. आयडेला, सगळ्या गावाच्या पोरींना तू डावा हात मागे ठेवायला शिकवलंस. आज सकाळपासून तुझा उजवा मागे आहे. कॉफीसुद्धा डाव्याने ओतलीस आणि सांडलीस. दाखव."

आयडेलाने हात पुढे केला. ताठ उभ्या उभ्याच केला, हुकूम पाळल्यासारखा. तळव्यात मधोमध लाल चीर होती.

"मोजा चढवताना हाताला लागली," ती म्हणाली. "गोल. बोटांनी ओळखलं मी. तेवढ्यात कुणीतरी केक घेऊन आत आलं, बाहेर काढता आली नाही. मी नुसता हात दाबून धरला."

"फोन?" ओरीथाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ते सगळे फोन, आयडेला?"

"आई विचारायची, कोण गं? मी म्हणायचे, चुकीचा नंबर."

"का?"

"का! तू बोलावलं असतंस तर ती गेली असती, म्हणून. मला कोण होतं मागे? लग्न नाही, पोर नाही, गळा नाही. या घरात मी आणि ती." आयडेला आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. "आणि तरी रात्री पाणी हवं असलं की ती हाक मारायची, 'ओरी'. मग म्हणायची, 'नाही गं, आयडेला.' रोज. आधी तू, मग मी. आणि जाताना बरोबर घेतलं ते पण तुलाच. माझं काहीतरी घ्यायचं होतं ना! माझा साधा रुमाल तरी."

कोरीन हमसून रडायला लागली. होझियाने घड्याळाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

ओरीथाने तबकडीचे दोन्ही तुकडे रुमालात नीट बांधले, आईच्या हाताखाली परत ठेवले आणि होझियाला म्हणाली, "लावा झाकण."

"मिस ओरीथा," डीकन पुटपुटला, "गाणं तुम्ही म्हणा. शब्द कुठलाही म्हणा."

ती ऐकत नव्हती. ती बहिणीसमोर जाऊन उभी राहिली. एझेलला वाटलं, आता हात उगारणार. आयडेलालाही तसंच वाटलं असावं, तिने मान वर करून गाल पुढे केला.

"तू माझी आई खाल्लीस," ओरीथा म्हणाली. "ती जिवंत होती, दोन शब्दांच्या अंतरावर होती, आणि तू खाल्लीस. मी हे विसरणार नाही. मरेपर्यंत नाही."

"नको विसरूस," आयडेला म्हणाली. "मी दारात उभी राहते. अशरने दारातच राहायचं असतं."

"दारात कुणीही उभं राहील. तू घरच्यांच्या बाकावर बसायचंस. तिची मुलगी आहेस ना? मग बस."

आयडेलाचा ताठा तेव्हा मोडला. इतकी वर्षं तिने प्रत्येक मयताला दुसऱ्यांना त्या बाकापर्यंत नेलं होतं, रुमाल दिले होते, पंखे दिले होते.

"माझ्याजवळ बसू नकोस," ओरीथा म्हणाली. "माझ्याशी बोलू नकोस. पण बस."

एकाच्या ठोक्याला माउंट नीबो चर्च तुडुंब भरलं होतं. एझेल मागे भिंतीशी उभा राहिला. पुढचा घरच्यांचा बाक दहा माणसांचा होता आणि त्याच्या दोन टोकांना दोघीच बसल्या होत्या. ओरीथा उठली आणि पेटीशी जाऊन गायली. त्या गळ्याबद्दल काय सांगावं! खिडक्या उघड्या होत्या आणि रस्त्यावर उभी असलेली माणसं टोप्या काढून रडली. आयडेला मात्र रडली नाही. जखमी हात मांडीवर उताणा ठेवून ती ऐकत होती, बहिणीचं गाणं पहिल्यांदाच.

गाणं संपलं. ओरीथा परत आली आणि बाकाच्या आपल्या टोकाला जाऊन बसली.